घोड्याला न कळलेला शब्द

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी फाटक्या पुस्तकाचं मनोगत लिहिलेलं असतं. नाहीतर वडाच्या झाडाची आत्मकथा, नाहीतर ‘मी नदी बोलतेय’. या निबंधांची गंमत अशी की बोलणारा कुणीही असो, बोलतो सारखंच. पुस्तकाला धूळ खात पडल्याचं दुःख असतं, झाडाला कुऱ्हाडीचं, नदीला प्लास्टिकच्या पिशव्यांचं. आणि शेवटी तिघंही माणसाला शहाणपणाचे चार शब्द सुनावतात. झाडाला माणसाबद्दल सगळं ठाऊक असतं. म्हणजे दहावीच्या विद्यार्थ्याला जेवढं ठाऊक असतं तेवढं सगळं. मग मध्ये झाड कशाला हवं, असं परीक्षक विचारत नाहीत, कारण त्यांनाही गठ्ठा संपवायचा असतो.

साहित्यात ज्याला आपण वेगळ्या नजरेचा निवेदक म्हणतो, त्याची गोष्ट याच प्रश्नापाशी सुरू होते. निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा. तो लेखक नव्हे. लेखकानंच निर्माण केलेलं ते आणखी एक पात्र. हा सांगणारा मांजर असला, मेलेला माणूस असला, चार वर्षांचं पोर असलं, तर नेमकं काय बदलतं? नुसता आवाज बदलला तर काहीच नाही. माझं मत असं, की अशा निवेदकाचं मोल त्याला काय दिसतं यावर ठरत नाही, त्याला काय कळत नाही यावर ठरतं. हे उलगडून दाखवायला माझा सगळ्यात आवडता निवेदक कामाला येतो. तो एक म्हातारा, खच्ची केलेला, अबलख, म्हणजे दोन रंगी ठिगळांचा, रशियन घोडा आहे. त्याचं नाव खोल्स्तोमेर.

लिओ टॉलस्टॉय यांनी ही कथा १८६३ च्या सुमारास लिहायला घेतली आणि बाजूला ठेवून दिली. पुढे दोन प्रचंड कादंबऱ्या लिहून झाल्या, देव-धर्म-मालमत्ता याबद्दलची त्यांची मतं पार बदलली, आणि मग १८८५ मध्ये त्यांनी ती पुरी केली. १८८६ मध्ये ती छापून आली. कल्पना मुळात त्यांची नव्हतीच. मिखाईल स्ताखोविच नावाच्या लेखकाला ही गोष्ट लिहायची होती, पण तो त्याआधीच वारला. म्हणून कथा त्याच्या स्मृतीला अर्पण केली आहे. घोडाही अगदीच हवेतला नाही. काउंट ओर्लोव यांनी व्होरोनेझ भागातल्या ख्रेनोवोये इथं घोड्यांची जी नामांकित पैदास उभी केली, तिथं १८०३ मध्ये जन्मलेला एक घोडा खरोखर या टोपणनावानं ओळखला जायचा. लांबच लांब टांगा टाकत चालायचा, जणू कापडाचा तागा मापत निघालाय, म्हणून हे नाव.

टॉलस्टॉय यांना घोड्याच्या मनातलं कसं कळलं, याबद्दल एक आठवण सांगतात. कादंबरीकार तुर्गेनेव आणि ते गावाबाहेर फिरायला गेलेले असताना कुरणात एक मरतुकडा म्हातारा घोडा दिसला. टॉलस्टॉय त्याच्याजवळ गेले, त्याला थोपटू लागले आणि त्याला आत्ता काय वाटत असेल ते बोलू लागले. ते ऐकून तुर्गेनेव म्हणाले, लेव निकोलायेविच, तुम्ही कधीतरी खरोखरच घोडा असला पाहिजेत.

कथा सुरू होते तेव्हा घोडा बोलत नसतो. पहाट होत असते, एका जमीनदाराच्या पागेतून घोडे कुरणावर न्यायचे असतात आणि आपण त्रयस्थ निवेदकाच्या मागोमाग हिंडत असतो. घोडे राखणारा नेस्तेर म्हाताऱ्या घोड्यावर खोगीर चढवतो आणि त्याच्या मानेखाली खाजवतो. घोड्याला ते मुळीच आवडत नाही, पण नेस्तेरला वाईट वाटू नये म्हणून तो मान हलवून बरं वाटल्याचं दाखवतो. आणि मग एकाएकी, काही कारण नसताना, नेस्तेर त्याचं डोकं ढकलून देतो आणि लगामाचं बक्कल त्याच्या हाडकुळ्या पायावर हाणतो. फार जवळीक केली तर हा शेफारेल, असं बहुधा त्याला वाटतं. घोडा काही करत नाही. नेस्तेर पाइप ओढत एका बाजूला पाय सोडून बसतो, त्यानं कण्यावर कळ येते, तरी घोडा मनात म्हणतो की असू दे, दुसऱ्याच्या सुखापायी सोसायची माझी काही पहिलीच वेळ नाही. अर्धं पान संपायच्या आत या प्राण्याचा स्वभाव आपल्याला पक्का कळलेला असतो: सभ्य, भिडस्त, थोडासा मानी.

पागेतले तरुण घोडे या म्हाताऱ्याला छळतात. त्याचं म्हातारपण, त्याची कुरूपता हाच त्याचा गुन्हा. एका रात्री सगळे मिळून त्याला बेदम तुडवतात. तेवढ्यात व्याझोपुरिखा नावाची एक म्हातारी घोडी पुढं येते, त्याला हुंगते आणि ओळखते. मग तो अंगणाच्या मधोमध उभा राहतो, बाकीचे भोवती गोळा होतात, आणि पाच रात्री तो आपली हकिकत सांगतो. म्हणजे आपण माणसं या सभेत आगंतुक आहोत. घोडा घोड्यांशी बोलतोय, विषय माणसं आहे. सगळी खुबी या मांडणीत आहे. आपल्याला समजावून द्यायची त्याच्यावर जबाबदारीच नाही.

तो सांगतो की त्याचं कूळ असं की त्याहून उंच कूळ जगात कुठल्या घोड्याचं नसेल. पण जन्मला अबलख. पागेच्या मुख्य अधिकाऱ्याला तो रंग पाहून किळस आली; हा कुणावर गेलाय, अगदी मुझिक दिसतोय, म्हणाला. मुझिक म्हणजे रशियन खेड्यातला अडाणी शेतकरी. कुळवंशाच्या वहीतही ‘मुझिक पहिला’ असंच नाव लागलं. मालकाला तो नको झाला, म्हणून अधिकाऱ्याच्या पदरात पडला. तरुणपणी व्याझोपुरिखावर जीव जडला, आणि लगेच त्याला खच्ची करण्यात आलं. इथून पुढं तो विचार करणारा घोडा होतो. हिणहिणणं सुटलं, मन लागेना, तेव्हा माणसांकडे नीट बघू लागला.

दुसऱ्या रात्री तो जे सांगतो, त्यासाठी ही कथा जगभर ओळखली जाते. प्रसंग साधा आहे. अधिकाऱ्यानं एका मोतद्दाराला फटके मारले. का, तर त्यानं साहेबाच्या स्वतःच्या शिंगराकडे दुर्लक्ष केलं होतं. रात्री मोतद्दार आपल्या सोबत्याशी त्याबद्दल बोलतो. घोडा म्हणतो, फटक्यांचं मला नीट समजलं, धर्माबिर्माबद्दल ते जे बोलले तेही समजलं. पण ‘त्याचं स्वतःचं शिंगरू’ हे काय, ते काही केल्या उमगेना. मी जिवंत घोडा. मला ‘माझा घोडा’ म्हणतात हे मला तितकंच विचित्र वाटलं, जितकं कुणी ‘माझी हवा’, ‘माझं पाणी’ म्हटल्यावर वाटावं.

मग हळूहळू, पुष्कळ निरीक्षणानंतर, त्याला उलगडा होतो. माणसांनी आपसात ठरवून घेतलंय की एका वस्तूबद्दल एकानंच ‘माझं’ म्हणायचं. आणि या खेळात जो जास्तीत जास्त वस्तूंबद्दल ‘माझं’ म्हणू शकेल तो सगळ्यात सुखी समजायचा. घोडा आधी समजत होता की यात काहीतरी प्रत्यक्ष फायदा असेल. तपासून बघितलं, तर तसं काही दिसेना. मला ‘माझा घोडा’ म्हणणारे माझ्यावर बसत नव्हते, दुसरेच बसत होते. खायला दुसरेच घालत होते. माझं भलं करणारे म्हणजे गाडीवान, घोड्यांचे वैद्य, परकी माणसं. एखादा ‘माझं घर’ म्हणतो आणि त्यात कधी राहत नाही. एखादा ‘माझं कापडाचं दुकान’ म्हणतो आणि दुकानातल्या चांगल्या कापडाचा एक कपडा त्याच्या अंगावर नसतो. काही लोक एका जमिनीला आपली म्हणतात, पण ती त्यांनी पाहिलेलीही नसते, तिच्यावर पाऊल टाकलेलं नसतं. आणि काही लोक दुसऱ्या माणसांनाच आपली म्हणतात. ती माणसं त्यांनी कधी बघितलेली नसतात, त्यांचा संबंध एवढाच की हे त्यांचं वाईट करतात.

हे शेवटचं वाक्य उपमा नव्हे. रशियात १८६१ पर्यंत शेतीवर राबणारी माणसं जमीनदाराच्या मालकीची होती, विकत घेता येत, विकता येत, जुगारात हरता येत. टॉलस्टॉय यांनी हा मजकूर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ती पद्धत कायद्यानं मोडून जेमतेम दोन वर्षं झाली होती. आणि न पाहिलेल्या जमिनीचं वाक्य वाचताना मराठी वाचकाला ‘कसेल त्याची जमीन’ आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईत राहून कोकणातल्या किंवा घाटावरच्या शेताला ‘आमचं’ म्हणणारा खोत-इनामदार आणि ते प्रत्यक्ष कसणारं कूळ, हा वाद आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कायद्याच्या पुस्तकात निकाली निघाला. सातबाऱ्यावर कितपत निघाला ते ज्याच्या त्याच्या गावाला विचारावं.

आता यात तंत्र काय आहे ते बघू. मालमत्ता वाईट, असं सांगणारे निबंध टॉलस्टॉय यांनी स्वतः ढिगानं लिहिलेत, आणि खरं सांगायचं तर ते वाचताना डोळे मिटतात. तोच मुद्दा घोड्याच्या तोंडून आला की आपण ताठ बसतो. फरक असा की घोडा मालमत्तेला विरोध करत नाही. त्याला ती दिसतच नाही. त्याला घर दिसतं, घरात राहणारा दिसतो, शिंगरू दिसतं, फटके दिसतात. ‘मालकी’ नावाची वस्तू त्याला कुठंच सापडत नाही. विरोध करणाऱ्याशी आपण वाद घालू शकतो. ज्याला ती गोष्ट दिसतच नाही, त्याच्याशी वाद कसा घालणार? त्याला समजावून सांगायला जावं तर आपल्याच तोंडून आपली व्यवस्था इतकी विचित्र ऐकू येते की मध्येच थांबावं लागतं.

या तंत्राला नाव दिलं व्हिक्टर श्क्लोव्स्की या चोवीस वर्षांच्या समीक्षकानं. १९१७ मध्ये, म्हणजे रशियात क्रांतीची धामधूम चालू असताना, त्यानं ‘कला एक तंत्र म्हणून’ असा एक लेख लिहिला आणि त्यात खोल्स्तोमेरचा हा मालकीवरचा उतारा लांबलचक उद्धृत केला. मराठी समीक्षेत आपण या कल्पनेला अपरिचितीकरण म्हणतो. शब्द अवजड आहे, कल्पना नाही.

श्क्लोव्स्कीनं सुरुवात टॉलस्टॉय यांच्याच रोजनिशीतल्या एका नोंदीपासून केली आहे. टॉलस्टॉय खोली झाडत होते. झाडत झाडत सोफ्यापाशी आले आणि त्यांना आठवेना की हा सोफा आपण आत्ताच पुसला की पुसायचा राहिलाय. हात सवयीनं चालत होते, मन तिथं नव्हतं. मग त्यांनी लिहिलं: पुसला असेल आणि आठवत नसेल, तर न पुसल्यासारखंच झालं, आणि पुष्कळांचं सबंध आयुष्य असं नकळत जात असेल, तर ते आयुष्य झालंच नाही म्हणायचं. घराला कुलूप लावून चार जिने उतरल्यावर ‘लावलं की नाही?’ म्हणून परत वर जाणाऱ्या कुणालाही ही नोंद परकी वाटणार नाही. (श्क्लोव्स्कीच्या लेखात या नोंदीवर २९ फेब्रुवारी १८९७ अशी तारीख पडली आहे. १८९७ हे लीप वर्ष नव्हतं, तसा दिवसच उगवला नाही. नोंद १ मार्चची. सवयीनं काय होतं याच्यावरच्या लेखात ही चूक पडावी, याची मला दरवेळी मौज वाटते.)

श्क्लोव्स्कीचं म्हणणं असं: सवय सगळं गिळून टाकते. काम, कपडे, फर्निचर, बायको, युद्धाची भीतीसुद्धा. रोज बघून बघून वस्तू आपल्याला दिसेनाशी होते, फक्त तिचं नाव ओळखू येतं. कलेचं काम म्हणजे ते ओळखणं थांबवून पुन्हा बघायला लावणं. दगड पुन्हा दगडासारखा हाताला लागला पाहिजे. त्यासाठी लेखक एक साधी युक्ती करतो. वस्तूचं नाव घेत नाही, ती पहिल्यांदाच दिसत असल्यासारखं वर्णन करतो. टॉलस्टॉय यांच्या कादंबरीत खेड्यातून आलेली नताशा ऑपेरा बघायला जाते, तेव्हा तिला ‘ऑपेरा’ दिसत नाही. रंगवलेले पुठ्ठे दिसतात, पांढऱ्या रेशमी झग्यातली एक लठ्ठ बाई दिसते, विचित्र हातवारे करणारी माणसं दिसतात. फटक्यांच्या शिक्षेवर लिहिताना त्यांनी ‘शिक्षा’ हा शब्द बाजूला ठेवून लिहिलं की कायदा मोडणाऱ्याला नागवं करायचं, जमिनीवर पाडायचं आणि त्याच्या ढुंगणावर छड्या मारायच्या. आणि मग निरागसपणे विचारलं की हीच रानटी पद्धत का, खांद्यात सुया का टोचत नाहीत?

हे दोन्ही प्रसंग माणसाच्या नजरेतून आहेत, आणि तिथं जरा ओढाताण जाणवते. नताशाला ऑपेरा म्हणजे काय हे कुठंतरी माहीत असणारच. घोड्याचं तसं नाही. त्याचं अज्ञान अस्सल आहे, त्यात सोंग नाही. म्हणून हे तंत्र घोड्याच्या अंगाला जितकं बसतं तितकं दुसऱ्या कुणाच्या बसत नाही.

पण एक शंका येते, आणि आलीच पाहिजे. घोड्याला ‘माझं’ कळत नाही म्हणता, मग कापडाच्या दुकानदाराच्या अंगावर कोणतं कापड असतं हे कसं कळलं? उत्तर कथेतच आहे: पुढं तो एका कापडवाल्याकडेही विकला गेला होता. तरीही शंका पुरती मिटत नाही. घोड्याला रशियन भाषा येते, कूळ वाचता येतं, जणू पंचाहत्तर वर्षांच्या ऋषीसारखं बोलता येतं. इथं निवेदनशास्त्रातली एक बारीक गोष्ट उपयोगी पडते. ‘मी’नं सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीत दोन ‘मी’ असतात. एक तेव्हा भोगणारा, एक आत्ता सांगणारा. तरुण खोल्स्तोमेरला ‘माझं’ कळत नव्हतं. म्हाताऱ्या खोल्स्तोमेरला कळलंय. तो फक्त ते न कळणं विसरलेला नाही. आपल्यासारखा सवयीनं गप्प झालेला नाही. कथेतली गंमत या दोघांच्या मधल्या फटीत आहे. तरी कबूल करायला हवं की काही ठिकाणी घोड्याच्या आवाजात टॉलस्टॉय यांची दाढी दिसते. माणसांचं वागणं शब्दांवर चालतं आणि आमचं कृतींवर, म्हणून आम्ही माणसांपेक्षा वरच्या पायरीवर आहोत, असं घोडा म्हणतो तेव्हा तो घोडा राहत नाही, शाळेतल्या निबंधातल्या झाडाजवळ सरकतो. नशीब की ते दोन-चार ओळींवर थांबतं.

उपदेशापासून कथेला वाचवते ती चौथी रात्र.

खोल्स्तोमेर धावण्यात मालकाच्या लाडक्या घोड्याला मागं टाकतो. ही बातमी मालकाच्या, म्हणजे काउंटच्या, कानावर गेली तर पंचाईत, म्हणून अधिकारी घाईनं त्याला विकून टाकतो. हातोहात विकला जात तो एका देखण्या, श्रीमंत, उधळ्या सैनिक अधिकाऱ्याकडे येतो. सेर्पुखोव्स्कोय त्याचं नाव. आणि हा चाणाक्ष, मालकीचं ढोंग उघडं पाडणारा घोडा त्याच्या प्रेमात पडतो. तो सांगतो: माझ्या नाशाला तोच कारण झाला, त्यानं कधी कशावर, कुणावर प्रेम केलं नाही, पण म्हणूनच मी त्याच्यावर प्रेम करत होतो आणि अजून करतो. तो देखणा होता, सुखी होता, श्रीमंत होता आणि म्हणून कुणावरच प्रेम करत नव्हता, हेच मला आवडायचं. त्याचा थंडपणा आणि माझं त्याच्यावर अवलंबून असणं, यानं माझं प्रेम आणखी जोर धरायचं. मला मारून टाक, पळवून पळवून माझा जीव घे, त्यातच मला सुख आहे, असं मला वाटायचं. तुम्हाला तर घोड्यांची ही उच्च भावना कळतेच, असंही तो श्रोत्यांना म्हणतो.

जो दोन रात्रींपूर्वी ‘माझा घोडा’ या शब्दावर हसत होता, त्यालाच आता कुणीतरी ‘माझा’ म्हणावं असं वाटतंय. आणि या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात हे त्याला दिसतच नाही. त्याच्या न कळण्याची ही दुसरी, जास्त दुखरी बाजू. माणसांच्या बाबतीत तो भोळा होता, म्हणून त्याला त्यांचं खरं दिसलं. स्वतःच्या बाबतीतही तो तितकाच भोळा आहे, आणि तिथलं खरं फक्त आपल्याला दिसतं. १९६१ मध्ये वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं अशा निवेदकाला नाव दिलं, ज्याच्या सांगण्यावर पुरता भरवसा ठेवून चालत नाही: अविश्वसनीय निवेदक. नावावरून वाटतं की तो खोटं बोलतो. तसंच असलं पाहिजे असं नाही. खोल्स्तोमेर एक शब्दही खोटा बोलत नाही; तो जे सांगतो त्याचा अर्थ त्याच्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त कळतो, एवढंच.

या प्रेमाचा शेवट कसा झाला, तेही तो तसंच सांगतो. शर्यत जिंकून आले त्याच दिवशी सेर्पुखोव्स्कोयची बाई दुसऱ्याबरोबर निघून गेली. त्यानं घोडा सोडलाही नाही, तसाच जुंपलेला तिच्यामागं पिटाळला. खोल्स्तोमेर दुडक्या चालीचा घोडा. अशा घोड्यानं शर्यतीत चौखूर उधळणं म्हणजे बेइज्जत. चाल मोडली की हरला. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्याला चाबूक बसला आणि चाल सोडून उधळायला लावलं गेलं. आणि तो काय म्हणतो? चाल मोडली म्हणून मला लाज वाटली, मी सावरायला बघत होतो, तेवढ्यात मालक ओळखू न येणाऱ्या आवाजात ओरडला. पंचवीस व्हर्स्ट, म्हणजे सव्वीस-सत्तावीस किलोमीटर, तो तसा धावला. गाठलं त्यांनी तिला. रात्रभर तो थरथरत राहिला, चारा तोंडात घेतला नाही. सकाळी पाणी दिलं, ते प्यायला, आणि तो जो घोडा होता तो कायमचा संपला. जीव जात असताना त्याला चाल मोडल्याची शरम वाटत होती. ‘मालकानं माझ्यावर अन्याय केला’ असं एक वाक्य तिथं टाकलं असतं तर कथा तिथंच बसली असती.

पाचव्या रात्रीनंतर घोड्याची हकिकत संपते आणि बाहेरचा निवेदक परत येतो. सेर्पुखोव्स्कोय याच पागेच्या मालकाकडे पाहुणा म्हणून येतो. आता तो सुटलेला, कर्जात बुडालेला, दारूत भिजलेला. यजमान त्याला एकेक घोडा दाखवत ‘हा माझा, हा इतक्याला घेतला’ चालवतो. पाहुणा जाता जाता खोल्स्तोमेरच्या पुठ्ठ्यावर थाप मारतो, माझ्याकडेही असाच एक अबलख होता म्हणतो. म्हातारा घोडा क्षीण, वेडगळ आवाजात हिणहिणतो, आणि ओशाळल्यासारखा मध्येच थांबतो. दोघं पुढं निघून जातात.

पुढं घोड्याला खरूज लागते आणि त्याला मारायचं ठरतं. तो प्रसंग बाहेरच्या निवेदकाचा आहे, पण नजर पूर्णपणे घोड्याची. त्याला पागेमागं नेतात. त्याला वाटतं, औषधपाणी करणार असतील, करू देत. मग गळ्याला काहीतरी केलं गेल्याचं जाणवतं. दुखतं, तो दचकतो, पाय झाडतो, पण सावरतो आणि पुढं काय होतंय याची वाट बघतो. मानेवरून, छातीवरून काहीतरी पातळ ओघळतं. आणि त्याला खूप हलकं वाटू लागतं. ‘सुरी’ नाही, ‘रक्त’ नाही, ‘मरण’ नाही. श्क्लोव्स्कीनं आणखी एक गोष्ट टिपली: घोडा मेल्यावरही कथा त्याच पद्धतीनं सांगितली जाते. निवेदक गेला, नजर राहिली.

रात्री लांडगी येते, मांस खाऊन जाते आणि दरीत पाच पिल्लांपुढं ओकते. सगळ्यात धाकट्याचं डोकं अंगापेक्षा मोठं. मोठी पिल्लं पुढं सरकतात, ती त्यांना हटवते आणि तुकडा त्याला देते. ते गुरगुरत घोड्याचं मांस पोटाखाली ओढतं. आठवड्यानं कवटी आणि खांद्याची दोन हाडं उरतात, ती एक शेतकरी उचलून कामाला लावतो. त्यानंतर शेवटचा परिच्छेद येतो: पुष्कळ दिवसांनी सेर्पुखोव्स्कोय मरतो, त्याच्या सडत्या देहाला नवा गणवेश, चकचकीत बूट चढवून, शिशाच्या पेटीत घालून मॉस्कोला नेऊन पुरतात, आणि त्याची कातडी, मांस, हाडं कशाच्याच कामाला येत नाहीत.

या शेवटावर समीक्षक खूश असतात. मला तो जरा जास्तच नीटनेटका वाटतो. मढ्याचा गणवेश आणि बूट अजून त्याच नजरेनं पाहिलेत, पण कुणाचं शरीर कुणाच्या कामाला आलं याचा हिशेब मांडणं घोड्याच्या स्वभावात नव्हतं. तो हिशेब १८८५ च्या टॉलस्टॉय यांचा आहे. लांडगीपाशी थांबले असते तर मला अधिक आवडलं असतं.

१९७५ मध्ये लेनिनग्राडला गेओर्गी तोव्स्तोनोगोव यांनी ही कथा रंगमंचावर आणली, येव्गेनी लेबेदेव यांनी खोल्स्तोमेर केला, आणि तो प्रयोग गाजला. पण रंगमंचावर घोडा दाखवायचा तर माणूस उभा करावा लागतो. माणूस दोरखंडात बांधलेला दिसला की प्रेक्षक लगेच ओळखतो: हा मुझिक, हा गुलाम, हे माणसाचंच दुःख. त्यात ताकद आहे, आणि मुझिक हे नाव ठेवणाऱ्या लेखकाच्या मनातही ते असणार. फक्त मग ‘माझा’ हा शब्द न कळणारं कुणी तिथं उरत नाही, कारण बांधलेल्या माणसाला तो फार चांगला कळत असतो. त्यामुळे खोल्स्तोमेर कागदावरच वाचावा असं मला वाटतं.